दुरुस्ती आधी, चूक नंतर

संपादकाचा फोन आला तेव्हा बाई नव्या कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक सोलत होत्या.

संपादक एके काळी बाईंच्याच वर्गात होता. गणितात तो इतका कच्चा होता, की हा पुढे वर्तमानपत्रात जाणार हे बाईंनी सातवीतच ओळखलं होतं. आता रविवारची पुरवणी त्याच्या हातात होती आणि त्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे, बाईंचं शब्दकोडं असे. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पान रंगीत झालं, पुरवणी आजारी माणसासारखी निम्मी झाली. पण तो चौकोन जागचा हलला नव्हता. हलला तो गेल्या रविवारी.

“बाई, गेल्या आठवड्यात कोडं आलं नाही.”

“जुना कॉम्प्युटर गेला रे.”

“अरेरे. म्हणजे बंद पडला?”

“नाही, हवापालटाला गेलाय.”

संपादक हसला, पण ते हसू पुढचं बोलणं सोपं व्हावं म्हणून होतं. “काय झालंय बाई, मालकांनी एक कंपनी गाठलीय. तयार कोडी देते. वर्षभराची एकदम.”

“शिजवून ठेवलेली.”

“तसंच समजा. उद्या गुरुवार. चार वाजता पान छपाईला सुटतं. चारच्या आत तुमचं आलं तर तुमचं लावतो. नाही आलं तर त्यांचं. आणि एकदा त्यांचं लागलं की मालक परत काही…”

“कळलं. आयत्या बिळातला नागोबा उठत नाही. चारच्या आत येईल.”

“नक्की ना बाई?”

“तुझी गणितं नक्की नसायची. माझं कोडं नक्की असतं.”

फोन ठेवून बाईंनी वस्तुस्थितीकडे एकदा नीट पाहिलं. ती फारशी देखणी नव्हती.

पूर्वी बाई कोडं हातानं जुळवत. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि आठवडाभर तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. एकदा मंडईत त्या नादात “चार अक्षरी, शेवटी र” असं म्हणाल्या, तर भाजीवाल्यानं मुकाट्यानं कोथिंबीर दिली. मग शाळेत कॉम्प्युटर आले. शिक्षकांना वळण लावायला कुणीतरी तज्ज्ञ आला. बाकीचे शिक्षक त्यावर पत्ते खेळायला शिकत होते, तेवढ्यात बाई प्रोग्रॅम लिहायला शिकल्या आणि त्यांनी कोडं जुळवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. शब्द बाईंचे, त्यांच्या सूचक ओळी बाईंच्या, त्यातला खोडसाळपणाही बाईंचा. कोणता शब्द आडवा झोपवायचा आणि कोणता उभा करायचा, एवढी हमाली तेवढी प्रोग्रॅमची. आठवड्याचं काम एका दुपारीत होऊ लागलं.

पण असला प्रोग्रॅम मशीनशी थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. बाईंची ओळ वाचायची, मशीनला कळेल असं सांगायचं, पुढची ओळ घ्यायची. बाईंचा दुभाष्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला होता. नव्यावर त्याच भाषेचा नवा दुभाष्या होता. त्यानं बाईंच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ वाचली आणि ‘असं आता बोलत नाहीत’ अशा अर्थाचं काहीतरी लाल अक्षरांत सांगून दार लावून घेतलं.

बाईंनी लेकीला फोन केला. नवा कॉम्प्युटर लेकीनंच घेऊन दिला होता आणि ती त्याच धंद्यात होती.

“आई, भाषा बदललीय. तुझा प्रोग्रॅम मी रविवारी बसून नव्या पद्धतीनं लिहून देते.”

“रविवारी कोडं छापून यायला हवं. लिहायला बसून काय उपयोग?”

“मग जुनाच दुभाष्या शोध.”

“शोधला. तयार कुठे मिळत नाही. पण ज्यांनी केला त्यांनी त्याचा सोर्स अडगळीत जपून ठेवलाय. कुणीही न्यावा.”

“आई, तू सोर्सपासून कंपाइल करणार? घरी?”

“पीठ मिळत नसलं तर गहू आणून दळायचे. त्यात एवढं काय?”

“मी गेल्या कित्येक वर्षांत केलेलं नाही गं.”

“तुम्ही सगळं तयार आणता म्हणून.”

“बरं. अडलं तर फोन कर.”

“अडलं तर करीनच. नाही अडलं तरी करीन, कौतुक ऐकायला.”

आता या घरातला दुसरा माणूस. बाईंचे यजमान बस डेपोत कंट्रोलर होते. नोकरी संपली, पण नाव चिकटून राहिलं. शेजारीपाजारी, दुकानदार, डॉक्टर सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. संसाराच्या सुरुवातीला कंट्रोलरांनी भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलं, का, तर घरात कुणाला उशीर होऊ नये. चार दिवसांत घरच्यांना पाच वजा करायची सवय लागली. त्यांनी दहा केली. घरच्यांनी दहा वजा केली. गणिताची शिक्षिका घरात असल्यावर वजाबाकीला काय तोटा? महागाई आणि पगार यांच्यात चालते तशी ही चढाओढ बरीच वर्षं चालली आणि पाऊण तासावर येऊन टेकली. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, उशाजवळचं, झाडून सगळी घड्याळं पाऊण तास पुढे. गंमत म्हणजे वजाबाकी फक्त बाकीचे करत. कंट्रोलर स्वतः प्रामाणिकपणे त्याच वेळेत राहत. दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन उभे राहत आणि पाहुणे उठायच्या आधी झोपत.

नवा कॉम्प्युटर आला त्याच संध्याकाळी त्यांनी, घड्याळ आपोआप जुळायची सोय कुठे असते ते शोधून काढलं, ती बंद केली आणि मशीनला घराच्या शिस्तीत आणलं. बाई कामाला बसल्या की गुपचूप खरी वेळ लावत. त्या उठल्या की कंट्रोलर गुपचूप पुढे करत. जुन्या कॉम्प्युटरवरही वर्षानुवर्षं हेच चालायचं. या विषयावर नवराबायकोत कधी अवाक्षर झालं नव्हतं. सुखी संसारात काही कामं अशी न बोलताच करायची असतात.

गुरुवारी सकाळी चहा झाल्याबरोबर बाई बसल्या. घाई इतकी होती, की घड्याळ मागे आणायचं राहून गेलं. सोर्स, म्हणजे दुभाष्याचा मूळ मजकूर, उतरवून घेतला, उलगडला आणि पहिली आज्ञा दिली. मशीननं आधी स्वतःचीच झडती घेतली. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. मग चालेल का, चालेल. लग्न जुळवताना मुलाकडचे करतात तशी ती चौकशी बराच वेळ चालली आणि तशीच, थोडीशी नाराजी व्यक्त करून, होकारावर संपली. मग बाईंनी दुसरी आज्ञा दिली आणि दळण सुरू झालं. काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी वर सरकू लागल्या.

लेकीनं आईला पुरेल असा, म्हणजे दुकानातला सगळ्यात साधा कॉम्प्युटर घेतला होता. तो मन लावून, पण आपल्या चालीनं दळत होता. बाईंनी स्वयंपाक केला. ओळी सरकत होत्या. जेवणं झाली. ओळी सरकत होत्या.

“अजून किती आहे?” कंट्रोलरांनी विचारलं.

“येईल.”

“येईल म्हणजे? डेपोत कुणी ‘येईल’ म्हणालं, की आम्ही समजायचो, अजून सुटलेलीच नाही.”

“तुमच्या गाड्या न सुटता यायच्या. हे सुटलंय.”

दुपार कलायला लागली तेव्हा ओळी थांबल्या. दुभाष्या तयार झाला होता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, हाताला वळण होतं म्हणून कोपऱ्यातलं घड्याळ आधी खऱ्या वेळेवर आणलं आणि मग दुभाष्याची परीक्षा घेतली. असल्या दुभाष्याबरोबर त्याची प्रश्नपत्रिकाही येते. परीक्षा घेणं हे बाईंचं जन्माचं काम. पोरानं पटापट उत्तरं दिली आणि शेवटच्या प्रश्नाला, जिथे लांबलचक यादी अक्षरांप्रमाणे लावायची होती, तिथे आडवा पडला.

बाईंच्या प्रोग्रॅमचं पोट म्हणजे नेमकी एक लांबलचक यादी.

त्या हटल्या नाहीत. शोधाशोध केली तेव्हा कळलं, की नव्या मशीनांवर या दुभाष्याला ही चक्कर येते, आणि जगाच्या पाठीवर कुण्या भल्या माणसानं त्यावरचं औषधही लिहून ठेवलंय. यादीची लांबी ठेवायला जो डबा नेमलाय तो लहान पडतो, मोठा नेमा. एका फाईलमधली एक ओळ. योगायोगानं ती फाईल दळणात अगदी शेवटच्या ओंजळीत आलेली होती. बाईंनी ती उघडली, ओळ बदलली, सेव्ह केली आणि पुन्हा दळायची आज्ञा दिली.

मशीननं उत्तर दिलं: करण्यासारखं काही नाही.

हे वाक्य बाईंनी या घरात पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते सोफ्यावरून. कॉम्प्युटरकडून पहिल्यांदाच. त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. करण्यासारखं काही नाही. परीक्षा पुन्हा घेतली. दुभाष्या पुन्हा त्याच जागी आडवा. फाईल उघडून पाहिली. ओळ बदललेली होती, बरोबर होती, डोळ्यांना दिसत होती.

बाईंनी बाहेरच्या खोलीत जाऊन लेकीला फोन लावला.

“आई, मी मीटिंगमध्ये आहे. टेबलाखाली वाकून बोलतेय.”

“चूक सुधारलीय, तर मशीन ती घ्यायला तयार नाही. म्हणतं, करण्यासारखं काही नाही.”

“सगळं पुसून टाक आणि पहिल्यापासून दळ.”

“त्याला सगळी सकाळ गेली. चार वाजता पान सुटतं.”

“मग आई, मला वाटतं या आठवड्यापुरतं त्या कंपनीचं…”

“तू टेबलाच्या वर जा,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांचा एक साधा नियम होता. उत्तर चुकलं तर आधी रीत तपासायची. रीत बरोबर असली तर आकडे तपासायचे. आणि आकडेही बरोबर असले तर समजायचं, की आपली पाठ फिरली असताना कुणीतरी फळ्यावर काहीतरी बदललंय. बाईंची रीत बरोबर होती. मग मशीनची रीत काय? दळणाऱ्याला प्रत्येक फाईल वाचत बसायला सवड नसते. तो फक्त वेळ बघतो. मूळ फाईल नंतरची आणि दळलेली आधीची असली, तर मूळ बदललंय असं समजून पुन्हा दळतो. उलट असलं तर झाकण लावून बसतो.

बाईंनी फाईलींच्या वेळा पडद्यावर मागवल्या. इथेच घोडं पेंड खात होतं. त्यांनी केलेल्या दुरुस्तीवर पावणेतीनची वेळ होती. चुकीसकट दळून निघालेल्या फाईलीवर तीनची. आणि त्यांची पाठ फिरली होती तेवढ्यात कोपऱ्यातलं घड्याळ चारला टेकत आलं होतं.

“अहो,” बाईंनी हाक मारली, “जरा इकडे या.”

कंट्रोलर आले. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा फार निष्पाप असतो, तसा त्यांचा होता.

“कॉम्प्युटरच्या घड्याळाला हात लावलात?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच उच्चारला जात होता.

“तू लावलास?” कंट्रोलरांनी उत्तर दिलं.

“लावला.”

“मग मीही लावला.”

एवढं सत्य एकदम बाहेर आल्यावर दोघांनाही जरा बसावंसं वाटलं. खुर्ची एकच होती. ती बाईंकडे होती.

“सकाळी दळलं ते तुमच्या वेळेत,” बाई म्हणाल्या. “चूक सुधारली ती माझ्या वेळेत. म्हणजे या मशीनच्या हिशेबी मी दुरुस्ती आधी केली आणि चूक नंतर झाली. ते म्हणतंय, सुधारलेलंच दळलंय की बाई, आता उगाच कशाला उठवता?”

कंट्रोलरांनी विचार केला. “म्हणजे दहाला सुटलेली बस साडेनऊला परत आली.”

“अगदी तेच.”

“असल्या ड्रायव्हरला मी घरी बसवला असता.”

“ड्रायव्हरचा काय दोष? डेपोत घड्याळं दोन होती.”

हे लागलं. कंट्रोलरांना नोकरीत प्रवाशांनी नाही नाही ते ऐकवलं होतं, एकदा एकानं छत्रीही उगारली होती. पण डेपोत दोन घड्याळं होती असं कुणी म्हणालं नव्हतं.

“लाव तुझी खरी वेळ,” ते अखेर म्हणाले. “मी नाही हात लावणार.”

“खरी-खोटी त्याला कळत नाही हो. त्याला एकच लागते, बस्स. आत्ता तुमची आहे, तुमचीच राहू दे. आता मागं आणली तर परत तोच घोळ. फक्त हात लावायचा नाही.”

“मी?”

“आणि मी.”

एवढा मोठा तह इतक्या कमी शब्दांत सहसा होत नाही. बाईंनी ती फाईल पुन्हा उघडली, शेवटी एक रिकामी ओळ टाकली आणि सेव्ह केली. आता दुरुस्तीला घराची वेळ लागली; चुकीच्या बरीच नंतरची. दळायची आज्ञा दिली. मशीन निमूट उठलं, तेवढी एक फाईल दळली, सगळं नव्यानं एकत्र बांधलं आणि थांबलं. बाईंनी परीक्षा घेतली. शेवटचा प्रश्न आला. लांबलचक यादी सुरसुरत गेली आणि अक्षरांप्रमाणे लागून उभी राहिली.

“पास,” बाई म्हणाल्या.

त्यांनी आपला प्रोग्रॅम दुभाष्याच्या हाती दिला. त्यानं पहिली ओळ वाचली. काही बोलला नाही. दुसरी वाचली. मग चौकोन भरू लागला.

मागून खोल आवाज आला. “गेलं.”

“काय गेलं?”

“चार वाजून गेले.” कंट्रोलर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. “पान सुटलं तुझं. माझ्यामुळं. मी त्या वेळेला हात लावला नसता तर…”

“कुणाच्या घड्याळात वाजून गेले?”

“घड्याळात म्हणजे घड्याळात. चार म्हणजे चार.”

“आणि संपादकाच्या भिंतीवर किती वाजले असतील?” बाईंचे डोळे पडद्यावर होते, हात चालू होते.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला जी वजाबाकी करावी लागते, ती कंट्रोलरांनी जन्मात केलेली नव्हती. करणं म्हणजे आपण इतकी वर्षं काय करत होतो हे कबूल करणं होतं. त्यांचे ओठ हलले. बोटंही हलली.

“सव्वातीन,” ते पुटपुटले. कुणाचं तरी घरातलं गुपित बाहेर सांगावं तसे.

“ऐकू आलं नाही.”

“सव्वातीन वाजून गेलेत!”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या.

चौकोन भरला होता. बाईंनी तो ओळ न् ओळ वाचला. एक शब्द मागच्याच महिन्यात येऊन गेला होता. त्याला यादीतून हाकलून पुन्हा चौकोन लावायला सांगितला. दुसरा चौकोन पहिल्याहून देखणा आला. सूचक ओळी प्रत्येक शब्दाबरोबर बांधलेल्याच होत्या. सगळं एकत्र करून बाईंनी संपादकाला पाठवून दिलं आणि पाठीला कळ लागली होती ती दाबत बसल्या.

थोड्याच वेळात फोन वाजला.

“मिळालं बाई. पानात लावतोय. पण पंधरा उभा काही मला सुटत नाही.”

“तुला सुटणार नाही म्हणूनच घातलाय.”

“आणि त्या कंपनीला काय सांगू?”

“जागा भरलेली आहे म्हणून सांग. नम्रपणे सांग. बिचाऱ्यांचं वर्षभराचं शिळं होईल.”

“पुढच्या गुरुवारी?”

“चारच्या आत,” बाई म्हणाल्या. “तुझ्या चारच्या.”

मग कौतुक ऐकायला लेकीला फोन केला. लेक अजून टेबलाखालीच होती, पण तिथूनच जोरात “आई!” असं ओरडली आणि मीटिंगमधल्या सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं असावं, कारण फोन लगेच बंद झाला. बाई समाधानानं चहा टाकायला उठल्या.

दोन कप घेऊन परत आल्या तर कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत कंट्रोलर बसले होते. दोन्ही हात काखेत, नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर.

“तिथं काय करताय?”

“कुणी वेळेला हात लावू नये म्हणून लक्ष ठेवतोय.”

घरात तिसरं माणूस नव्हतं. बाईंनी त्यांचा कप तिथेच नेऊन ठेवला.